स्पीकर नवा, ॲम्प्लिफायर जुनाच

सांगलीच्या हळद पेठेत तीन पिढ्यांची पेढी चालविणाऱ्या एका घरात गतवर्षी नवी गाडी आली. गाडी वरच्या श्रेणीची असल्यामुळे तीत नऊ स्पीकर होते. डिकीच्या बाजूच्या आच्छादनामागे आठ इंची सबवूफर होता आणि या सर्वांना शक्ती पुरविणारा स्वतंत्र ॲम्प्लिफायरही कारखान्यातूनच बसून आला होता. तरीही धाकट्या चिरंजीवांचे समाधान होईना. खर्जात दम नाही, अशी त्यांची तक्रार. वडिलांची, म्हणजे आप्पांची, तक्रार शब्दांनी वेगळी पण आशयाने तीच होती. तरुणपणी त्यांनी तबल्याचे दोन-तीन कायदे गिरविले होते. ते म्हणत, "डग्गा ऐकू येतो, पण घुमत नाही. घिस्सा कुठे सुरू झाला, कुठे संपला, काही कळत नाही. नुसते धप्प धप्प."

चिरंजीवांनी सबवूफर बदलण्याची परवानगी मागितली आणि आप्पांनी ती दोन अटींवर दिली. मूळ वायर कापायची नाही आणि ॲम्प्लिफायरला हात लावायचा नाही, कारण गाडीची हमी अद्याप शिल्लक होती. "बिल पेढीच्या नावावर करू का?" ही पृच्छा मात्र त्यांनी एका शब्दात निकालात काढली. वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवरील जीएसटीची वजावट मिळत नाही हे ठाऊक असूनही हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, ही गोष्ट वेगळी.

अटी शहाणपणाच्या होत्या. चूक झाली ती खरेदीत.

नव्या स्पीकरच्या खोक्यावर ६०० वॅट हा आकडा ठळक अक्षरांत होता आणि खरेदीचे ते एकमेव कारण होते. त्या स्पीकरला २ ओहमच्या दोन कॉइल होत्या. कारागिराने त्या समांतर जोडल्या आणि दुकानाच्या दारात आवाज दणदणीत निघाला. चार दिवसांनी सर्व मंडळी आजींना घेऊन पुण्याला निघाली. कराड मागे पडले आणि गाडीतील सारे स्पीकर एकाएकी मुके झाले. दहा मिनिटांनी आवाज परतला. साताऱ्याच्या अलीकडे पुन्हा गेला. आजींना त्याचे काही वाटले नाही. "बरं झालं, जरा डोळा लागेल," म्हणून त्या मोकळ्या झाल्या. आप्पा मात्र पुण्यापर्यंत बोलले नाहीत. ॲम्प्लिफायर जळाला तर नव्याची किंमत कोणाच्या नावे पडणार, आणि हमीचे कागद दाखवायचे कोणत्या तोंडाने, हा हिशेब त्यांच्या मनात चालला होता.

परतल्यावर गाडी मिरजेला मामांच्या दारात उभी राहिली. मामा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी प्रथम जुना स्पीकर मागवला आणि त्याच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावला. काटेकोर आकडा आला ३.४ ओहम. मीटरवर दिसणारा रोध नाममात्र आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो. तेव्हा मूळ स्पीकर ४ ओहमचा, हे निश्चित झाले. नंतर नवा स्पीकर सोडवून मोजला. तो १ ओहमच्याही किंचित खाली होता.

"अरे, २ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की एकच ओहम उरतो," मामा म्हणाले. "एकामागोमाग जोडल्या असत्या तर चार झाले असते आणि तुझा ॲम्प्लिफायर निदान गुदमरला नसता."

"पण मामा, हा स्पीकर सहाशे वॅटचा आहे."

"सहाशे पोती मावणारे गोदाम बांधले म्हणजे सहाशे पोती माल येतो का? विचार तुझ्या आप्पांना. वॅट ही स्पीकरची सहनशक्ती आहे, कमाई नव्हे. माल पाठविणारा ॲम्प्लिफायर. तू गोदामाचे दार चौपट रुंद केलेस आणि तेवढ्याच हमालाला सांगितलेस की चौपट वेगाने पोती टाक. तो मधूनमधून खाली बसला, हे तुझे नशीब. काही ॲम्प्लिफायरना तेवढीही अक्कल नसते; ते जळतात."

हा विषय वस्तुतः शाळेतील ओहमच्या नियमाचा आहे. व्होल्टेज तेच ठेवून रोध चतुर्थांश केला, तर विद्युत्प्रवाह चौपट होतो. इंजिन चालू असताना गाडीच्या विद्युत्प्रणालीत सुमारे १४ व्होल्ट असतात. ज्या ॲम्प्लिफायरमध्ये हे व्होल्टेज वाढविणारे मंडल नसते, तो ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे जेमतेम २५ वॅट देऊ शकतो, तेही कागदावर. बाजारात ऐकू येणारे शेकड्यांतले आकडे क्षणिक कमाल शक्तीचे असतात. कारखान्याने दिलेला ॲम्प्लिफायर कायम ठेवायचा, तर त्याच्या या तुटपुंज्या भांडवलावरच संसार करायचा, हे प्रथम मान्य करावे लागते.

मग पाहावयाची ती स्पीकरची संवेदनशीलता. एक वॅट शक्ती दिल्यास एक मीटर अंतरावर किती डेसिबल नाद होतो, तो हा आकडा. तो खोक्याच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत असतो आणि गिऱ्हाईक बहुधा तिकडे पाहत नाही. ३ डेसिबल वाढवायचे, तर शक्ती दुप्पट लागते. जड शंकूचा, ८४ डेसिबलचा भारदस्त सबवूफर ९० डेसिबलच्या हलक्या स्पीकरच्या जागी बसविला, तर तेवढाच नाद काढण्यास चौपट शक्ती हवी. ती येणार कुठून? पैसे मोजून घरी आणलेला खर्ज पूर्वीपेक्षा क्षीण निघण्याचे सर्वसाधारण कारण हेच.

कारखान्याचा संच एकमेकांच्या गुणदोषांना सांभाळून बनविलेला असतो, हेही विसरता कामा नये. मोटारीच्या आतल्या पोकळीसाठी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांचा एकत्रित विचार करून दिलेल्या प्रणालींत अमर बोस यांच्या कंपनीचे नाव अग्रभागी येते. बंगाली वडिलांचे हे पुत्र अमेरिकेत एमआयटी या संस्थेत प्राध्यापक होते. त्यांनी १९६४ मध्ये कंपनी काढली आणि जनरल मोटर्सबरोबर सिद्ध केलेली त्यांची प्रणाली १९८३ च्या कॅडिलॅक गाड्यांत आली. अशा संचात ॲम्प्लिफायर काही स्वर मुद्दाम उचलतो, काही दाबतो; पुष्कळ गाड्यांत आवाज फार वाढविला की लहान स्पीकर फाटू नये म्हणून खर्ज आपोआप कमी केला जातो. स्पीकर बदलला तरी ॲम्प्लिफायरची ही सवय जात नाही. शिवाय सर्वच गाड्यांत ४ ओहम असतात असे नाही. काही संचांत २ ओहम किंवा त्याहूनही कमी रोधाचे स्पीकर असतात. तेथे ४ ओहमचा बसविला, तर धोका नाही, पण शक्ती निम्मी होते. म्हणून मोजल्याविना खरेदी नको.

राहता राहिली पेटी. स्पीकर तोच असला तरी लहान पेटीत एक बोलतो, मोठ्या पेटीत दुसरेच. या नात्याचे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्णत्वास नेले. त्या दोघांच्या नावाचे आकडे आज चांगल्या स्पीकरबरोबर छापील मिळतात. कारखान्याची पेटी लहान आणि प्लास्टिकची; तिला मानवेल असाच स्पीकर घ्यावा आणि त्याची खोली आधी पट्टीने मोजावी. मागे लोहचुंबक टेकला की सारी निवड फुकट.

मामांनी अखेर ४ ओहमची एकच कॉइल असलेला, हलक्या शंकूचा, ८९ डेसिबलचा आठ इंची स्पीकर निवडून दिला. त्यावर लिहिलेले वॅट दीडशेच होते. तो पाहून चिरंजीवांचा चेहरा उतरला. मूळ सॉकेटमध्ये बसणारा जोड वापरल्याने एकही वायर कापावी लागली नाही. दीड व्होल्टच्या साध्या सेलने धन-ऋण टोके तपासली, कारण ती उलट जोडली गेली तर दारांतील स्पीकर आणि सबवूफर एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात. पेटीच्या कडेला हवा निसटत होती, तेथे फोमची पट्टी लावली. आच्छादनाच्या आतल्या पत्र्यावर ब्युटाइलची चिकट चादर थापली आणि थरथरणारी मागची नंबर प्लेट आवळली. आप्पांना खटकणाऱ्या 'धप्प'पैकी बराचसा भाग त्या नंबर प्लेटचा होता, हे तेव्हा उघड झाले. बिघाडाचे खापर बहुधा महाग वस्तूवर फुटते, स्वस्तावर नाही.

विमा कंपनीला मागाहून बसविलेल्या विद्युत उपकरणांची वेगळी नोंद द्यावी लागते. ते पत्रही आप्पांनी त्याच आठवड्यात धाडले.

"दाजी, बसा आता पुढे," मामा म्हणाले, आणि चिरंजीवांनी तबल्याचे एकल वादन लावले. आवाज पूर्वीपेक्षा मोठा नव्हता. चिरंजीवांनी तो बराच वाढवून पाहिला, तेव्हा एका पातळीनंतर खर्ज आखडता झालाच. त्यांची निराशा लपली नाही. "याहून जास्त हवे असेल, तर हमी संपू दे, मग ॲम्प्लिफायरचे पाहू," मामांनी सांगितले. आप्पांनी हात पुढे करून आवाज कमी केला आणि डोळे मिटले. डग्ग्यावर मनगट सरकत गेले तसा सूर वर चढला, क्षणभर थांबला आणि खाली उतरला.

"हां, हा घिस्सा," ते म्हणाले. "आता कळला."

६०० वॅटचा स्पीकर दुकानदाराने परत घेतला नाही. तो आणि कारखान्याचा मूळ स्पीकर, दोन्ही कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. मुळाच्या खोक्यावर आप्पांच्या हस्ताक्षरात गाडीचा क्रमांक आणि "गाडी विकताना परत बसविणे" असे लिहिलेले आहे.