डिस्चार्ज कार्डावर चालणंही लिहा

अँजिओप्लास्टी करून लालबागला घरी परतलेल्या माणसाला घरातले पाण्याचा पेलाही उचलू देत नाहीत. ‘आता फक्त आराम,’ असं शेजारपाजारचेही बजावतात. माया खरीच, पण तिच्यामागचं वैद्यक पाऊणशे वर्षं जुनं आहे. तेव्हा अटॅकनंतर रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवत. बॉस्टनच्या डॉ. सॅम्युएल लेव्हिन यांनी त्याला खुर्चीत बसवलं, तर तेही धाडस वाटलं होतं.

१९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. बसून गाडी हाकणाऱ्यांपेक्षा डबलडेकरचा जिना दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. बेस्टच्या डबलडेकरमध्ये वर-खाली करणारा कंडक्टर पाहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. अर्थात ड्रायव्हरांच्या कंबरा मुळातच रुंद होत्या, हेही पुढे मॉरिस यांनीच गणवेशाच्या मापांवरून दाखवलं. तेव्हा सगळं श्रेय जिन्याला नको.

पण प्रत्यक्ष हृदयरुग्णांवरचे प्रयोगही आता पुष्कळ झालेत. देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने हृदयविकाराचे मृत्यू आणि पुन्हा इस्पितळात भरती होणं, दोन्ही कमी होतं. भारतातल्या २४ इस्पितळांत ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. मृत्यू वा पुढचे अटॅक ठळकपणे घटल्याचं दिसलं नाही, पण रुग्णांना तब्येत बरी वाटू लागली आणि ते पूर्वीच्या कामांना अधिक लागले. घर चालवणाऱ्या माणसासाठी हे थोडं नव्हे.

गिरगावच्या सर एच. एन. रिलायन्स फाउंडेशन इस्पितळात डॉ. आशिष कॉन्ट्रॅक्टर यांनी देखरेखीखालच्या व्यायामाचं पुनर्वसन रुजवलं. खासगी दर मात्र गिरणगावातल्या प्रत्येकाला झेपणारे नाहीत. जगातलं पहिलं मानवी हृदयरोपण करणाऱ्या बर्नार्ड यांच्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १९६८ साली, डॉ. पी. के. सेन यांनी परळच्या केईएममध्ये हृदयरोपण केलं होतं. त्याच परळमध्ये चालण्याचे वर्ग भरवणं अशक्य कसं?

सुरुवात कागदापासून व्हावी. गोळ्यांच्या यादीखाली डॉक्टरांनी लिहावं: कधीपासून, किती मिनिटं, किती वेगाने चालायचं. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत वेग. छातीत दाब आला वा चक्कर आली, तर तिथेच थांबणं. महापालिकेने शिवाजी पार्कात सकाळी एक फिजिओथेरपिस्ट उभा करावा. पावसात हिंदमाता तुंबलं, तर चाळीच्या गॅलरीतल्या फेऱ्याही चालतील. फक्त तिथल्या सायकली आणि कुंड्या कुणाच्या, हे भांडण आधी मिटवावं लागेल.