एकूण बी बरोबर, पण ओळी चुकलेल्या



मृग तोंडावर आलाय आणि यंदाही शिवारात बरीच नवी पेरणी यंत्रं उतरली आहेत. ट्रॉलीतून यंत्र उतरतं, नारळ फुटतो, हळदीकुंकू लागतं, आणि पेरणीजोगा पाऊस झाला की तेच यंत्र थेट रानात. मधे त्याला कुणी पट्टी लावून बघत नाही. कंपनीचा माल आहे, चाचणी झालेली आहे, मग बघायचं काय?

बघायचं बरंच आहे. नवं यंत्र म्हणजे तयार यंत्र, हे मला पटत नाही. ते जुळवून पाठवलेले सुटे भाग असतात. डिझाइनबद्दल माझी फारशी तक्रार नाही. रोलर, चैन, ग्राउंड व्हील ही रचना जुनी आहे आणि नीट जुळवली तर उत्तम चालते. गडबड होते ती जुळवणीत. हंगामाच्या तोंडावर घाईत वेल्डिंग होतं, वॉशर मिळेल त्या जाडीचे पडतात, रंगाचा थर सगळं झाकतो.

आता चाचणीचं. अनुदानासाठी चाचणी अहवाल लागतो, हे बरोबरच आहे. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची यंत्रचाचणी संस्था आहे, तशा आणखीही आहेत. पण तो अहवाल त्या मॉडेलच्या नमुन्याचा असतो. तुमच्या दारात उभं आहे ते त्याच साच्यातलं दुसरं यंत्र. बैलजोडीतला एक बैल शहाणा म्हणून दुसराही शहाणाच निघतो असं नाही.

एक उदाहरण देतो. पाच दात्यांचं, खाचदार रोलरचं नवं यंत्र. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे एकाच कंपनीचं दुखणं नाही. सोयाबीनसाठी दोन दात्यांत 45 सेंटिमीटर ठेवलं, म्हणजे कामाची रुंदी 2.25 मीटर. व्हीलचा एक फेरा 1.25 मीटरचा. 20 फेरे फिरवले की 25 मीटर चालल्यासारखं, म्हणजे 56 चौरस मीटर आणि थोडं वर. एकराचा हा साधारण 72 वा भाग. एकरी 30 किलो बियाणं टाकायचं तर 20 फेऱ्यांत 417 ग्रॅम पडायला हवं, प्रत्येक नळीतून सुमारे 83 ग्रॅम.

पाच नळ्यांना पाच पिशव्या बांधल्या आणि किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं. माप आलं 83, 85, 81, 97 आणि 66. बेरीज 412.

बेरीज बघा. अगदी जवळ आहे. पेटीत 30 किलो ओता, एकर पेरा, पेटी रिकामी झाली की सगळे म्हणणार यंत्र एक नंबर. पण पाचव्या ओळीत वीस टक्के बी कमी पडतंय आणि चौथीत सतरा टक्के जास्त. शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम आणि उगवण 70 टक्के धरली तर बरोबर ओळीत मीटरला 19-20 झाडं येतात, म्हणजे दोन झाडांत 5 सेंटिमीटर, जे आपल्याला हवंच असतं. पाचव्या ओळीत ती 15 होतात, चौथीत 22-23.

यावर कृषीतली मंडळी म्हणतील, सोयाबीन फांद्या काढून जागा भरून काढतं. खरं आहे, काही अंशी काढतं. पण विरळ ओळीत ऊन जमिनीपर्यंत जातं आणि तण आधी तिथंच उठतं. दाट ओळ उंच जाते आणि वाऱ्यापावसात तीच आधी लोळते. मक्याला तर भरून काढायची सोयच नाही. एका झाडाला जास्तीचं कणीस लावून तो तूट भरत नाही. आणि पावसाने ओढ दिली, उगवण 70 ऐवजी 55 वर आली, की ती पाचवी ओळ दुबार पेरायच्या लायकीची होते आणि बाकीच्या चार नसतात. तेव्हा काय करणार? एक ओळ मोडून पेरता येत नाही.

आता दुरुस्ती. त्या यंत्रात दोष काय निघाला तर रोलरची उघडी लांबी. खाचदार रोलर बियाण्यात जितका उघडा राहतो तितकं बी तो ओढतो. तीन रोलर 10 मिलिमीटर उघडे होते, चौथा जवळपास 12 आणि पाचवा 8. दोन मिलिमीटर म्हणजे डोळ्याला काहीच नाही, पण दहातले दोन म्हणजे वीस टक्के. शाफ्टवरचे वॉशर कमीजास्त जाडीचे पडले होते, एवढंच. 10 मिलिमीटर जाडीचा पट्टीचा तुकडा गेज म्हणून प्रत्येक रोलरशी धरला, रोलर सरकवून त्याला टेकवला, पातळ वॉशर घातले आणि पुन्हा आवळलं. पाना, पट्टी आणि तासभर वेळ. नंतरचं माप 82, 84, 82, 85, 80. ओळीओळीत पाच टक्क्यांचा फरक मी चालवून घेतो. त्याच्या मागे लागलं तर पेरणीच होणार नाही.

माप घेताना ट्रॅक्टर बंद करा आणि यंत्राखाली लाकडी ठोकळे द्या. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या यंत्राखाली हात घालायचा नाही. सुरुवातीचे चार-पाच फेरे सोडून द्या, खाचा भरल्या की मग मोजा. बीजप्रक्रिया केलेलं बी वेगळं वाहतं, म्हणून मापही त्याच बियाण्याने घ्या. हातमोजे घाला आणि सांडलेलं बी कोंबड्यांपुढे राहू देऊ नका. बीबीएफ असेल तर रुंदी दात्यांवरून न धरता सरीच्या मध्यापासून पुढच्या सरीच्या मध्यापर्यंत धरा, नाहीतर सगळा हिशेब चुकतो.

याहून वाईट दोष दिसतच नाही. यंत्र बी फोडतं. सोयाबीनचं टरफल पातळ, आतला अंकुर कडेलाच. रोलरखालची झडप गव्हाच्या अंतरावर ठेवून आलेली असेल किंवा रोलरच्या खाचेला साच्याची धारदार कड राहिली असेल, तर दाणा अख्खा दिसतो पण आत चीर गेलेली असते. म्हणून पिशवीतले 100 दाणे आणि नळीतून आलेले 100 दाणे वेगवेगळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. पिशवीतले 78 उगवले आणि नळीतले 68, तर दहा दाणे यंत्राने खाल्ले. बियाणं 70 टक्क्यांच्या नियमात बसणारं होतं, यंत्रातून गेल्यावर बसेना. अशा वेळी झडप सैल करा, खाचेच्या कडा बारीक कानशीने किंवा पॉलिश पेपरने मोडा आणि पुन्हा तपासा. तिरप्या चकतीचं यंत्र सोयाबीनला आणि भुईमुगाला जास्त मऊ वागतं असं माझं मत आहे, पण तिथंही चकती डुलत असेल किंवा ब्रश बसत नसेल तर एका खाचेत दोन-दोन दाणे जातात.

दात्यांचं सांगतो. यंत्र सपाट कोब्यावर टेकवा. त्याआधी ट्रॅक्टरचे दोन्ही खालचे लिंक सारखे करा आणि टॉप लिंकने फ्रेम समतल आणा. हे न करता कंपनीला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत. मग सगळ्या दात्यांची टोकं कोब्याला लागतात का बघा. सोयाबीन 3 ते 5 सेंटिमीटरवर पडायला हवं. एक दाता दोन सेंटिमीटर खाली असला की त्याचं बी सहा-सातवर जातं, वरून जोराचा पाऊस होऊन पापडी धरली की ते वर येतच नाही. यू-बोल्टचा दाता असेल तर सैल करून सरकतो. पक्क्या भोकाचा असेल तर गावातल्या फिटरकडून भोक लांबट करून घ्या. फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. त्यात बोटभर फरक आला तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, यंत्र परत पाठवा. वाकडी फ्रेम ठोकून सरळ होत नाही.

ग्राउंड व्हील कोब्यावर आणि रानात सारखं चालत नाही. रानात दहा फेरे मोजा आणि टेप लावा. 12.5 मीटरऐवजी 14 मीटर आलं तर चाक घसरतंय, आणि तुमचे एकरी 30 किलो 27 च्या खाली गेले. बहुतेक वेळा स्प्रिंगचा दाब कमी असतो, नाहीतर चाकावरचे दाते बुटके असतात.

वेल्डिंगचं मात्र जपून. मशीन लावलं की दुकानदार म्हणतो, आता गॅरंटी गेली. आधी वॉशर, बोल्ट, कानस, म्हणजे परत उलटवता येईल तेवढंच करा. बाकीचं फोटोसह दुकानदाराला लेखी द्या, व्हॉट्सअॅपवर दिलं तरी चालेल.

आता हे पान वाचणाऱ्या कृषी सहायकांना आणि विद्यापीठातल्या मंडळींना थोडं. उगवणीची तक्रार आली की तालुक्याची समिती पंचनामा करते आणि चर्चा बियाण्यापाशी सुरू होऊन बियाण्यापाशीच संपते. ओळी मोजा ना. जाऊन-येऊन पेरलेल्या रानात कडेचा दाता नादुरुस्त असेल तर दोन विरळ ओळी शेजारी-शेजारी येतात, मग आठ बऱ्या, पुन्हा दोन विरळ. बियाणं असा नेम धरून खराब होत नाही. सगळ्या ओळी एकाच जागी मीटरभर तुटल्या असतील तर चैन उडालीय किंवा चाक घसरलंय. आणि चट्ट्याचट्ट्यांनी गेलं असेल तर जमीन, ओल किंवा बियाणं. पंचनाम्यात एवढी एक ओळ लिहिली तरी निम्मी भांडणं योग्य माणसाच्या दारात जातील.

जुनी तिफण काही सोन्याची नव्हती. पण ती भरणारा सुतार गावातच असायचा. फण उचलून पडतोय म्हटलं की बांधावरच पाचर ठोकून द्यायचा. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईला बी कुठं अडलं ते हाताला कळायचं. यंत्रात तो हात गेला. त्याच्या जागी निदान एक कागद तरी यावा, एवढं माझं मागणं आहे. प्रत्येक यंत्रासोबत त्याच यंत्राच्या क्रमांकाची चिठ्ठी, त्यावर प्रत्येक नळीचं ग्रॅममधलं माप, दुकानदाराच्या सहीने. आज मोका तपासणीत यंत्राचा क्रमांक बघतात, शेजारी उभं करून फोटो काढतात. यंत्र पेरतं का, हा प्रश्न त्यात नाही. पाच पिशव्या आणि एक काटा, वीस मिनिटांचं काम आहे. अनुदान सोडण्याआधी ते करायला काय हरकत आहे?

ते होईल तेव्हा होईल. यंदा ज्यांचं बिल अजून द्यायचं राहिलंय त्यांनी घरचं दोन-तीन किलो बी, पाच पिशव्या आणि मोजपट्टी घेऊन दुकानदाराच्या दारातच माप घ्यावं. तो म्हणेल, असं कुणी मागत नाही. मागा. पैसे हातात आहेत तोवर त्याचा फिटरही मोकळा असतो.