कॅलरी राहू द्या, तेलाचं बोला!

मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये बर्गर खायला गेलात, तर बोर्डवर किमतीशेजारी आणखी एक आकडा दिसतो: अमुक इतक्या किलोकॅलरी. कंपनीने तो हौसेनं लिहिलेला नाही. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना तो लिहावाच लागतो. एफएसएसएआयचा हा नियम २०२० चा, आणि १ जुलै २०२२ पासून लागू आहे.

आता गेवराईत या. बसस्टँडच्या आजूबाजूला, धुळे-सोलापूर हायवेच्या कडेला आपण जिथं खातो, त्यातल्या कितीजणांच्या दहा शाखा आहेत? म्हणजे आपल्या भज्यांना, कचोरीला, वडापावला हा नियम लागूच नाही. मग ‘आमच्याकडेही कॅलरी लिहा’ अशी मागणी करायची का? मला वाटतं, नको.

एक तर या आकड्याचा परिणाम फार छोटा आहे. कोक्रेन या संस्थेने २०२५ च्या सुरुवातीला २५ अभ्यास एकत्र करून तपासले. कॅलरीचा आकडा समोर दिसला की लोक सरासरी १.८ टक्के कमी कॅलरी निवडतात, असं त्यातून निघालं. ६०० कॅलरीच्या जेवणात हा फरक होतो ११ कॅलरींचा. म्हणजे साधारण अर्धा चमचा साखर!

दुसरं कारण आपल्या खिशात आहे. सकाळच्या एसटीने खेड्यातून येणाऱ्याकडे वीस-तीस रुपये असतात आणि घरी पोहोचेपर्यंत दुपार टळते. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेलेत, त्यांच्या डब्याचं तर विचारूच नका. अशा पोरापोरींना बोर्डवरचा मोठा आकडा धोक्याचा नाही, फायद्याचा वाटेल. कमी पैशात पोट भरतंय ना, मग तेच द्या! यात त्यांचं काही चुकत नाही. ‘काय खायचं ते तुम्ही ठरवा’ हे म्हणायला ठीक आहे, पण ठरवायला समोर दोन पर्याय तरी पाहिजेत.

मग विचारायचं काय? तेलाचं विचारा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ नावाचे घटक वाढत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. त्याला दहा शाखांची अट नाही, छोट्या टपरीलाही तो लागू आहे. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, हे खरं. पण काळं पडलेलं, घट्ट झालेलं, फेस आणि धूर सोडणारं तेल ओळखायला डोळे पुरेसे आहेत.

हॉटेलवाल्या काकांचीही बाजू आहे. तेल महाग आहे, आणि वडापाव दोन रुपयांनी वाढवला तर गिऱ्हाईक शेजारच्या गाड्यावर जातं. जो वेळेवर तेल बदलतो त्याला खर्च पडतो, पण आपण विचारतच नाही, म्हणून त्याचं नाव होत नाही.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एम्समधल्या तेल-साखरेच्या फलकांची चर्चा झाली. ‘आता समोशावर सिगारेटसारखा इशारा’ अशा बातम्या फिरल्या. शेवटी केंद्र सरकारने खुलासा केला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापायला सांगितलेलं नाही, कामाच्या ठिकाणी माहितीचे फलक लावा एवढाच सल्ला आहे. गोंधळ बाजूला ठेवा, कल्पना चांगली आहे आणि आपल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये सहज जमेल.

एक खडू, एक फळा आणि तीन ओळी. कढईतलं तेल कधी बदललं? एका कपात साखर किती चमचे? आणि वीस रुपयांत न तळलेलं काय मिळेल? पोहे, केळी, उकडलेलं अंडं, जे असेल ते. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण तीच खिशाला परवडणारा दुसरा पर्याय दाखवते.

यासाठी मुंबई-दिल्लीच्या आदेशाची वाट कशाला बघायची? एनएसएसच्या दोघांनी प्राचार्यांची परवानगी काढा, कँटीनवाल्या काकांशी नीट बोला आणि फळा लावा. बाहेरच्या गाड्यावर फळा नसेल, तर तोंड आहेच की: ‘काका, तेल आजचंय ना?’ एकट्याने विचारलं तर काका हसतील. रोज वीसजणांनी विचारलं, तर कढई बदलेल.