टक्क्यांचा भ्रम आणि क्रमांकाचे वास्तव

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि त्याच संध्याकाळी घराघरांत प्रश्न उभा राहतो : मुलाला आयआयटी मिळेल का? उत्तर द्यायला नातेवाईक असतात, शेजारी असतात आणि चौकाचौकांत फलक लावून बसलेले क्लासवाले तर असतातच. ज्याच्याविषयी निर्णय व्हायचा, त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मात्र बहुधा कोणी विचारत नाही. शिवाय ज्या आधारावर हे उत्तर दिले जाते, तो आधारच मुळात कच्चा असतो.

पहिला कच्चा आधार दहावीच्या टक्क्यांचा. २०२५ च्या निकालात महाराष्ट्रात २११ विद्यार्थ्यांनी शंभर टक्के गुण मिळविले. त्यांच्या परिश्रमांचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु या टक्क्यांसाठी सर्वोत्तम पाच विषयांचेच गुण धरले जातात आणि कला-क्रीडेचे वाढीव गुणही त्यांत मिळतात. शिकविलेले किती आत्मसात झाले, हे दहावी सांगते. अनोळखी प्रश्नापुढे मूठभर मिनिटांत मुलाची बुद्धी कशी चालते, हे ती सांगत नाही. आणि जेईईत कस लागतो तो नेमका याचाच.

दुसरा भ्रम पर्सेंटाइलचा. ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के गुण नव्हेत. शंभरांपैकी ९९ परीक्षार्थी त्या मुलाच्या मागे वा बरोबरीत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ मध्ये जेईई मेनला सुमारे १४ लाख विद्यार्थी बसले. म्हणजे ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्याही पुढे जवळजवळ १४ हजार विद्यार्थी उभे होते.

तिसरा भ्रम ‘उत्तीर्ण’ या शब्दाचा. त्याच वर्षी जेईई अ‍ॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १,८०,२०० विद्यार्थ्यांनी दिले. उत्तीर्ण झाले ४८,२४८ आणि २३ आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. तीस हजारांहून अधिक उत्तीर्णांना आयआयटीत जागाच नव्हती. क्लासच्या जाहिरातीत मात्र या सर्वांची छायाचित्रे यशवंत म्हणून झळकू शकतात. मुंबई आयआयटीच्या संगणक शाखेतील खुल्या प्रवर्गाच्या सर्वसाधारण जागा तर पहिल्या सत्तर क्रमांकांतच संपल्या.

मग अंदाज बांधावा कसा? त्याची साधने सर्वांना खुली आहेत. केंद्रीय प्रवेशाची व्यवस्था पाहणारे ‘जोसा’ दरवर्षी संस्था, शाखा व प्रवर्गनिहाय पहिला आणि शेवटचा क्रमांक जाहीर करते. मागील तीन वर्षांचे आकडे पालकांनी मुलासोबत बसून पाहावेत. सराव परीक्षांतील एखाद्या सर्वोत्तम दिवसाचा क्रमांक न धरता नेहमीचा क्रमांक धरावा. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थांत निम्म्या जागा राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. आयआयटींत २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा आहेत. पुण्याच्या सीओईपीचे आणि मुंबईच्या व्हीजेटीआयचे प्रवेश प्रामुख्याने राज्याच्या सीईटीवर होतात. ‘आयआयटी किंवा काहीच नाही’ ही भाषा या माहितीपुढे टिकत नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये आणि यशाची हमी देऊ नये, असे स्पष्ट केले. तरीही हमी विकली जाते, कारण ती विकत घेणारे आहेत. कर्ज काढून मुलाला क्लासला घालणारा पालक वाईट नसतो. तो माहितीवाचून आशेवर चालत असतो. या आशेचा भार अखेर मुलाच्या खांद्यावर पडतो. कोट्याहून आलेल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता वाचून हळहळणाऱ्या समाजाने त्या भारात आपलाही हातभार किती, याचा विचार करायला हवा.

शक्यता कमी आहे, असे सांगणाऱ्या शिक्षकावर पालक रागावतात. वास्तविक दहावीनंतरच्या सुट्टीत सांगितलेले खरे बारावीनंतर कळलेल्या सत्यापेक्षा कितीतरी सौम्य असते. मुलाची जिद्द असेल तर त्याने अवश्य प्रयत्न करावा. मात्र प्रयत्नाला बसण्यापूर्वी दुसरा आणि तिसरा मार्ग घरात मोकळेपणाने ठरलेला असावा. २०२४ मध्ये जागा १७ हजारांवर होत्या आणि इच्छुक १४ लाख. हे गणित कोणत्याही मुलाच्या योग्यतेवरचा निवाडा नाही, एवढे आई-वडिलांनी निकालाच्या आधीच त्याला सांगून ठेवावे.