पाहुण्याची तहान

शनिवारचा जनावरांचा बाजार उरकला की काष्टीची मंडळी कधीमधी नगरला मित्राकडे संध्याकाळ काढायला जातात. रमजान उन्हाळ्यात आला आणि मित्र रोजेदार असला, की एक अवघडलेपण सुरू होते. तो हौसेने कापड बाजार दाखवतो, मग किल्ल्याकडच्या मोकळ्या हवेत नेतो. पाहुण्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली असते, पण ती बाहेर निघत नाही. रसवंतीपाशी पावले मंदावतात आणि तशीच पुढे जातात. त्याच्यासमोर कसे प्यायचे?

हा संकोच प्रेमापोटीच असतो, तरी अनाठायी आहे. मे महिन्यात आपल्याकडचा रोजा 14 तासांवर जातो. रोजेदाराने त्याची मनाने तयारी केलेली असते, उन्हातून आलेल्या पाहुण्याने नाही. कुरआनच्या दुसऱ्या सूऱ्यात तर आजारी आणि प्रवासी मुसलमानालाही रोजा पुढे ढकलून नंतर पुरा करण्याची मुभा आहे. मग ज्याला रोजाच नाही, त्याने घसा कोरडा का ठेवावा? यजमानानेच रसवंतीवर थांबून 'दोन ग्लास, बर्फ कमी' असे सांगावे. पैसे त्यानेच द्यायचे, हे वेगळे सांगायला नको.

यजमानाला लागते ते वेगळेच. सातच्या सुमाराला मगरिबची अजान व्हायची आणि पाहुणे 'गाडी चुकेल' म्हणत उठायचे. खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी, सगळे घरातल्यांनी त्यांना धरूनच केलेले असते. गाडीची वेळ आधी सांगावी. अजान काही अलीकडे ओढता येत नाही, पण डबा बांधून देता येतो.