एकाच आवारातले दोन अनुभव

खासगी विद्यापीठातल्या मुलांना अनुभव विचारा. एक नव्या अभ्यासक्रमावर खूश, तर त्याच आवारातला दुसरा अंतर्गत गुणांच्या धाकाने गप्प. दोघेही खरेच सांगत असतात, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे: स्वायत्तता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न साध्या महाविद्यालयात सत्रान्त प्रश्नपत्रिका विद्यापीठाकडून येते. खासगी विद्यापीठात मात्र शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा बहुधा एकच. तो चांगला असेल तर विषय ताजा राहतो; नसेल तर दाद मागायची कुणाकडे? मैत्रीचेही तसेच. फेस्ट, सहली, कॅफे सगळ्यांना खुले, पण शैक्षणिक कर्जावर शिकणारी मुलगी वर्गणीचा आकडा बघून हळूच ग्रुपमधून बाजूला होते. ब्रोशरमध्ये हे छापत नाहीत.

तक्रारखोर मुले ७५ टक्के हजेरीला कंटाळलेली असतात, असे व्यवस्थापन म्हणते. काही असतीलही. पण म्हणून तक्रारच खोटी ठरत नाही. ती तपासायला यंत्रणा लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल बंधनकारक केले, समितीच्या अहवालाला कामाचे १५ दिवस दिले. हे नियम खासगी विद्यापीठांनाही लागू आहेत. सरकारी विद्यापीठांतही अंधार आहे, हा युक्तिवाद खरा असला तरी लाखांत फी घेणाऱ्यांना तो शोभत नाही. तेव्हा पालकहो, प्रवेशाच्या वेळी प्लेसमेंटचा आकडा जरूर विचारा, पण लोकपालाचे नावही विचारा.