बढती मिळाली, पण पगाराचे काय?

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कुणी ना कुणी मुंबईच्या उपनगरांत कामाला आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत, भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांत, नाहीतर कांदिवलीला, जिथे महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात. सीप्झमध्ये तर १९७३ पासून मुलींनी मोठ्या संख्येने काम केले आहे. अशा मुलाचा किंवा मुलीचा एक दिवस फोन येतो, ‘मला सुपरवायझर करतायत.’ घरात आनंद होतो. आई देवापुढे साखर ठेवते, वडील पारावर जाऊन सांगतात. पगार किती वाढला, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलेच तर मुलगा म्हणतो, ‘ते बघू म्हणालेत.’

या ‘बघू’वरच आज थोडे बोलू.

सालगडी ठेवण्याचा व्यवहार तुम्हाला ठाऊक आहेच. गुढीपाडव्याला साल ठरते. रोख किती, धान्य किती, चपला-घोंगडी कुणाची, सगळे आधी बोलून घेतात. त्याच गड्याला मध्येच म्हटले, की उद्यापासून रात्रीचे पाणीही तूच धर आणि मोटारही तूच सांभाळ, तर शहाणा गडी काय म्हणेल? ‘धरतो मालक, पण साल वाढवा.’ हे तो त्याच वेळी म्हणेल. चार महिने फुकट पाणी धरून मग बोलला, तर मालक म्हणेल, ‘इतके दिवस धरलेसच की!’ कंपनीचे साहेबही वेगळे काही म्हणत नाहीत. बढतीचे पत्र हाती घेऊन सही करण्याआधीचे चार दिवस हाच मुलाचा पाडवा. तो गेला की पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते.

पण किती मागावे? इथेच पुष्कळ मुले फसतात, कारण वाढलेला आकडा त्यांना दिसतो आणि गेलेला दिसत नाही. एक हिशेब मांडून पाहू. समजा, मुलगा मशीनवर आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १७,००० रुपये. महिन्याला ३० तास ओव्हरटाइम होतो. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले, तर तासाचे सुमारे ८२ रुपये पडतात. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट, म्हणजे त्याचे झाले साधारण ४,९०० रुपये. सुपरवायझर झाल्यावर पगार २१,५०० ठरला. साडेचार हजारांची वाढ! पेढे वाटण्याजोगीच. पण सुपरवायझरला बहुतेक ठिकाणी ओव्हरटाइम नसतो. तास तेवढेच भरतात, किंबहुना जास्तच, कारण सगळे गेल्यावर शेवटी तो निघतो. म्हणजे हातात येणारे पैसे चारशे रुपयांनी कमीच झाले.

अजून एक गोष्ट राहिली. राज्य कामगार विमा योजना, जिला सगळे ‘ईएसआय’ म्हणतात, तिची पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. या योजनेत मुलाच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया कापला जातो आणि त्या बदल्यात त्याच्यावर, बायकामुलांवर आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही उपचार होऊ शकतात. मुलुंडला, कांदिवलीला या योजनेची रुग्णालये आहेत. गावाकडच्या म्हाताऱ्याचे ऑपरेशन तिथे झाल्याची उदाहरणे तुमच्याही गावात असतील. पगार २१,५०० झाला, की पुढे हे कवच जाते. बोनसच्या कायद्यातली पगाराची मर्यादाही २०१५ च्या दुरुस्तीने २१,००० केली होती. त्या रेघेच्या वर गेलेल्याला बोनस देणे न देणे कंपनीच्या मर्जीवर येते. तेव्हा ही रेघ पाचशे रुपयांनी ओलांडण्यात काडीचा अर्थ नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओलांडायचीच तर चांगली चार-पाच हजारांनी ओलांडावी, आणि कंपनीचा वैद्यकीय विमा आईवडिलांसकट मागून घ्यावा.

तिसरी गोष्ट युनियनची. घाटकोपरला दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत खाणीतल्या मजुरांना तपासता तपासता त्यांचे पुढारी झाले आणि पुढे १९८२ चा गिरणी संप त्यांच्या नावाने ओळखला गेला. उपनगरांतल्या कारखान्यांत पगारवाढीचे करार कसे होतात, हे त्या काळात घराघरांत कळले. पण हे करार कामगारांसाठी असतात. सुपरवायझर झाला, की मुलगा सहसा कराराच्या बाहेर जातो. कायद्यातही तशी रेघ आहे. देखरेखीचे काम करणाऱ्याला अमुक पगारापर्यंतच कामगार धरतात. ती मर्यादा आधी ५०० रुपये होती, १९८४ मध्ये १,६०० झाली, २०१० मध्ये १०,०००, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. त्यापुढे साहेबासमोर मुलगा एकटाच. कित्येक कंपन्या हुद्दे वाटतात ते युनियनची माणसे कमी व्हावीत म्हणून, हे काही गुपित नाही.

नुसत्या नावाने मात्र कुणी साहेब होत नाही. मुंबईच्या सिबा गायगी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हुद्दा काय लिहिला आहे ते पाहू नका, माणसाचे मुख्य काम काय आहे ते पाहा. म्हणून नव्या पदावर नेमके काय करायचे, ते पत्रात लिहून घ्यावे. अंगावर सुपरवायझरचा शर्ट आणि हातात तेच मशीन, असे प्रकार फार होतात.

आता बोलायचे कसे? भांडायचे नाही, रडगाणेही गायचे नाही. घरभाडे वाढले, बहिणीचे लग्न आहे, ही कारणे आपल्याला खरी असली तरी साहेबाला त्यांचे काही नाही. त्याला कामाचे सांगावे. ‘साहेब, जबाबदारी घ्यायला तयार आहे. आज ओव्हरटाइम धरून हातात बावीस हजारांच्या जवळ येतात. नव्या कामात वीस माणसे माझ्या हाताखाली आहेत. तेव्हा सव्वीस हजार ठरवावेत, आणि त्यातले जास्तीत जास्त मूळ पगारात घालावेत.’ एवढे बोलून गप्प बसावे. गप्प बसणे अवघड असते, पण बैलबाजारात आपण ते करतोच ना?

मूळ पगारावर एवढा भर का? ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ पगारावर आणि महागाई भत्त्यावर मोजतात, दर वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांप्रमाणे. बारा वर्षे नोकरी झालेल्याच्या मूळ पगारात एक हजार वाढले, तर मागच्या बारा वर्षांची मिळून ग्रॅच्युइटी सुमारे ६,९०० रुपयांनी वाढते. वेगळ्या ‘विशेष भत्त्या’त घातलेला हजार पुष्कळदा असा वाढत नाही. नव्या संहितांनी भत्त्यांवर निम्म्याची मर्यादा घातली आहे, तरी विचारून घेतलेले बरे.

साहेब म्हणाले, ‘सहा महिने काम बघू, मग वाढवू,’ तर नाही म्हणू नये. पण तारीख आणि आकडा कागदावर घ्यावा, आणि तोवर चार्ज भत्ता मागावा. सरकारी नोकरीत ही घासाघीस नसते, पण तिथेही एक फॉर्म असतो. केंद्राच्या नोकरीत पगाराची निश्चिती बढतीच्या दिवसापासून करायची की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, याचा विकल्प महिन्याभरात द्यावा लागतो. तो न दिल्याने नुकसान होऊ शकते.

घरच्यांनीही थोडे धीराने घ्यावे. स्थळे बघताना ‘सुपरवायझर’ हा शब्द ऐकायला बरा वाटतो, म्हणून पोराला ‘घे, घे’ म्हणून टोचू नये. चार दिवस त्याला हिशेब करू द्यावा, युनियनच्या जुन्या माणसाला विचारू द्यावे. आणि जुन्या पगाराच्या तीन चिठ्ठ्या, बढतीच्या पत्राची झेरॉक्स गावी मागवून घ्यावी. मुंबईच्या खोल्या बदलत राहतात. सातबाऱ्याच्या ट्रंकेत ते कागद सुरक्षित राहतील.